गुरूवरचा घाव आणि लोणारचे विवर

(लोणार येथे शिक्षक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काहींच्या मनात शंका आली असेल. लोणारास यायचे आणि बोलायचे ते गुरू ग्रहाविषयी, हा काय प्रकार? गुरू आपल्या जवळात जवळ येतो तेव्हाही सुमारे ५९ कोटी किलोमीटर दूर असतो, आणि लोणारचे विवर तर या सभागृहापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तथापि या दोन ठिकाणांचा संबंध मी ओढूनताणून आणलेला नाही. आकाशातून एक पिंड येऊन आदळणे ही घटना दोन्ही ठिकाणी घडलेली आहे. गुरूवरील घटना १९९४ साली घडली आणि ती साऱ्या जगाने दुर्बिणीतून पाहिली. लोणारची घटना घडली तेव्हा पाहणारे कोणी होते की नाही, हेही सांगता येत नाही. पण आज गुरूवर त्या आघाताची खूणसुद्धा शिल्लक नाही, आणि लोणारचे विवर मात्र आपण काठावर उभे राहून पाहू शकतो. असे का व्हावे, या एका प्रश्नाचा पाठपुरावा केला की त्या महाकाय ग्रहावरील परिस्थिती आणि आपल्या पृथ्वीवरील परिस्थिती यांतील भेद आपोआप उलगडत जातो.

गुरू आपल्याला परका नाही. आपल्या खेड्यापाड्यांत आजही जुनी माणसे गुरुवारला बेस्तरवार म्हणतात. तो बृहस्पतीचाच वार. लग्न जुळवताना मुलीला गुरुबळ आहे की नाही याची चौकशी होते. गुरू सिंह राशीत आला की नाशिक-त्र्यंबकेश्वरास सिंहस्थ भरतो. बारा वर्षांचे हे चक्र म्हणजे गुरूची सूर्याभोवतीची एक फेरी होय. काटेकोर हिशेबाने ही फेरी ११.८६ वर्षांची आहे. इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाने एका महायुगाच्या, म्हणजे ४३ लक्ष २० हजार वर्षांच्या, काळात गुरूच्या ३,६४,२२४ फेऱ्या होतात असे लिहून ठेवले. विद्यार्थ्यांनी घरी जाऊन भागाकार करून पाहावा, उत्तर ११.८६ च येते. दुर्बिणीचा शोध लागण्यास तेव्हा अकराशे वर्षे अवकाश होता. गुरूची गती आपल्या पूर्वजांना इतकी नेमकी ठाऊक होती. तो कशाचा बनला आहे हे मात्र डोळ्यांनी कळण्यासारखे नव्हतेच.

आता आकडे पाहू. पृथ्वीसारखे सुमारे अकरा गोल एका ओळीत ठेवले तर गुरूचा विषुववृत्तीय व्यास भरतो. तो जवळजवळ १ लक्ष ४३ हजार किलोमीटर आहे. वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट. एवढा अवजड ग्रह स्वतःभोवती मात्र दहा तासांच्या आत एक गिरकी घेतो. या वेगामुळे त्याचे पोट बाहेर आले आहे आणि ध्रुवांकडे तो चपटा झाला आहे. साध्या दुर्बिणीतूनही हा चपटेपणा लक्षात येतो. सूर्यापासून तो आपल्या पाचपटीहून अधिक लांब असल्याने आपल्याला मिळणाऱ्या उन्हाच्या सत्ताविसाव्या हिश्श्याएवढेच ऊन त्याच्या वाट्याला येते. त्याचा आस जेमतेम तीन अंशांनी कललेला आहे. आपली पृथ्वी साडेतेवीस अंशांनी कललेली आहे म्हणून आपल्याकडे उन्हाळा, पावसाळा, हिवाळा होतात. गुरूवर ऋतू असे नाहीतच. तेथे मृगाची वाट पाहायची नाही की हस्ताची धास्ती बाळगायची नाही.

गुरूच्या ढगांच्या माथ्यावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे अडीचपट आहे. येथे एक क्विंटल भरणारा कापूस तेथे ताणकाट्यावर अडीच क्विंटलांच्या घरात जाईल. व्यापाऱ्याने हर्षभरित होण्याचे कारण नाही, कारण तागडीत घातला तर वजनाची मापेही तितकीच जड होतील आणि कापूस पुन्हा एकच क्विंटल भरेल.

परंतु ही तागडी ठेवायची कशावर? खरा प्रश्न येथेच आहे. गुरूला जमीन नाही. तो मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम या दोन वायूंचा बनलेला आहे. दुर्बिणीतून जे तांबूस-पांढरे पट्टे दिसतात ते जमिनीचे नव्हेत, अमोनियाच्या गोठलेल्या कणांच्या ढगांचे आहेत. त्या ढगांखाली दुसरे ढग, त्यांच्याखाली पाण्याच्या वाफेचे ढग, आणि त्याखाली दाट होत जाणारा वायू. खाली जावे तसा दाब वाढतो, उष्णता वाढते, वायूचे रूपांतर हळूहळू द्रवासारख्या पदार्थात होते आणि फार खोलवर हायड्रोजन धातूप्रमाणे वीज वाहून नेऊ लागतो. या प्रवासात ‘येथे आकाश संपले आणि येथे भूमी लागली’ असे सांगता येईल अशी एकही रेषा नाही.

हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. ७ डिसेंबर १९९५ रोजी ‘गॅलिलिओ’ यानातून सोडलेले एक उपकरण हवाई छत्रीच्या साहाय्याने गुरूच्या वातावरणात उतरले. सुमारे ५८ मिनिटे ते संदेश पाठवीत राहिले. तेवढ्या वेळात ते सुमारे दीडशे किलोमीटर खोल गेले. तेथे दाब आपल्या हवेच्या बावीस पटींहून अधिक आणि उष्णतामान १५० अंश सेल्सिअसच्या पुढे होते. मग संदेश थांबले. ते उपकरण कोठे आपटले नाही, कारण आपटण्यासारखे काही तेथे नव्हतेच. अधिकाधिक उष्ण थरांतून खाली जाता जाता ते वितळले आणि त्याची वाफ होऊन गुरूत मिसळून गेली. एक गमतीची गोष्ट सांगतो. वरच्या थरात शून्याखाली शंभर अंशांहून अधिक थंडी आणि खाली भट्टी, यांच्या मध्ये कोठेतरी असा एक थर येतो की जेथे आपल्या खामगाव-चिखलीच्या हिवाळ्यातील दुपारसारखी सुखद ऊब आहे. दाब आपल्या हवेच्या सात-आठ पट, म्हणजे समुद्रात साठ-सत्तर मीटर खोल बुडी मारणाऱ्यास सोसावा लागतो तेवढा. प्राणवायूची पिशवी बरोबर घेतली तर माणूस तेथे काही काळ तग धरील असे कागदावर म्हणता येईल. उभा मात्र राहू शकणार नाही.

जमीन नसल्याने काय काय बदलते याचा विचार शेतकऱ्याच्या मुलांनी अवश्य करावा. गुरूवर विजा चमकतात. १९७९ साली ‘व्हॉयेजर’ यानाने त्या टिपल्या. तेथे पाऊसही पडत असला पाहिजे. पण तो पडून जातो कोठे? खालच्या उष्ण थरात शिरताच त्या थेंबांची पुन्हा वाफ होते आणि ती वर येते. ना तो पाऊस जिरतो, ना साचतो, ना वाहतो. आपल्या वऱ्हाडातील काळी माती ही याच बेसॉल्टच्या खडकाची झीज होऊन झालेली आहे. तो खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. मातीने पाणी धरून ठेवायचे, बियाणाने त्यात मूळ धरायचे, हे सारे धरून ठेवण्याचे काम आहे आणि गुरूपाशी धरून ठेवणारे असे काही नाही.

वादळांची कथा याच्या उलट आहे. आपल्याकडे बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ उठले की दोन-चार दिवस हाहाकार माजतो. पण ते किनारा ओलांडून जमिनीवर आले की समुद्राची ऊब तुटते, डोंगर-टेकड्यांशी घर्षण होते, आणि ते निवते. गुरूच्या दक्षिण गोलार्धातील प्रख्यात तांबडा डाग हे असेच एक घोंघावणारे वादळ आहे. आपली अख्खी पृथ्वी त्यात मावेल एवढा त्याचा विस्तार आहे. दीडशे वर्षांहून अधिक काळ तर ते अखंड पाहिले जात आहे. अलीकडे ते आकसत चालले आहे, तरी अजून मोडलेले नाही. या वादळाला आदळायला किनाराच नाही. शिवाय गुरूला सूर्याकडून मिळते त्याहून अधिक उष्णता त्याच्या पोटातूनच बाहेर पडत असते, त्यामुळे वाऱ्यांना चेतना मिळत राहते. म्हणजे पृथ्वीवर वादळे विरतात आणि घाव राहतात; गुरूवर वादळे राहतात आणि घाव विरतात.

तो घाव कसा झाला ते आता सांगतो. मार्च १९९३ मध्ये अमेरिकेतील पालोमार येथील वेधशाळेत यूजीन शूमेकर, त्यांच्या पत्नी कॅरोलिन शूमेकर आणि डेव्हिड लेव्ही यांना एक विलक्षण धूमकेतू सापडला. एका डोक्याऐवजी त्याला तुकड्यांची माळ होती. हिशेब करता असे आढळले की हा धूमकेतू सूर्याभोवती नव्हे तर गुरूभोवती फिरत आहे, १९९२ च्या जुलैमध्ये गुरूच्या फार जवळून जाताना त्याच्या ओढीने त्याचे तुकडे झाले आहेत आणि पुढच्या खेपेस ते सारे गुरूवरच कोसळणार आहेत. आघाताची तारीख वर्षभर आधी वर्तविण्याचा असा प्रसंग मानवाच्या इतिहासात पूर्वी आलेला नव्हता. १६ ते २२ जुलै १९९४ या सप्ताहात वीसहून अधिक तुकडे एकामागून एक, सेकंदाला सुमारे ६० किलोमीटर वेगाने, गुरूवर येऊन पडले. आघातांच्या जागी उसळलेले लोट ढगांच्या वर हजारो किलोमीटर चढले. १८ जुलैला पडलेल्या एका मोठ्या तुकड्याने जो काळा डाग उमटवला त्याचा विस्तार जवळजवळ पृथ्वीएवढा होता. लहान दुर्बिणींतूनही ते डाग स्पष्ट दिसत. आपल्याकडे तेव्हा पावसाळ्याचे ढग होते ही आपली पंचाईत.

आणि मग काय झाले? वाऱ्यांनी ते डाग ओढले, पसरवले, एकात एक मिसळवले. काही महिन्यांत ते दिसेनासे झाले. जुलै २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातील अँथनी वेस्ली या हौशी निरीक्षकाला गुरूवर पुन्हा एक ताजा काळा डाग दिसला. तोही असाच विरून गेला. गुरूवर असे आघात किती झाले असतील याची गणती नाही, आणि गुरूकडे त्याची नोंदही नाही.

यूजीन शूमेकर यांचे नाव मी मुद्दाम घेतले. हे गृहस्थ मूळचे भूवैज्ञानिक. अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतात सव्वा किलोमीटर रुंदीचे एक विवर आहे. ते ज्वालामुखीचे की उल्कापाताचे, हा वाद वर्षानुवर्षे चालला होता. तेथील खडकाचा अभ्यास करून ते आघातानेच झाले आहे हे शूमेकर यांनी १९६० च्या सुमारास सिद्ध केले. ज्याने जमिनीवरचा जुना घाव वाचला, त्याच माणसाला चौतीस वर्षांनी दुसऱ्या ग्रहावर ताजा घाव होताना पाहावयास मिळाला.

लोणारच्या विवरालाही याच वादातून जावे लागले. स्थानिक कथा अशी की येथे लवणासुर राहत असे व विष्णूने त्याचा वध केला. गावातील दैत्यसूदनाचे देखणे मंदिर त्याच कथेशी निगडित आहे. ‘ऐने-अकबरी’तही या स्थळाचा निर्देश आहे. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने विवराची नोंद केली. पुढे दीर्घकाळ विद्वानांचे मत हे ज्वालामुखीचे मुख असावे असेच होते, आणि त्यात त्यांचा फारसा दोष नाही. सभोवार मैलोगणती लाव्हारसाचाच खडक पसरलेला असताना दुसरे काय सुचणार? निर्णायक पुरावा विवराच्या तळातून आला. १९७० नंतरच्या काळात भारतीय व अमेरिकन शास्त्रज्ञांनी तळाशी छिद्रे पाडून सुमारे शंभर मीटर गाळाखालचा खडक वर काढला. त्या खडकातील फेल्डस्पार या खनिजाची, न वितळता, केवळ धक्क्याने काच झालेली होती. असा धक्का कोणताही ज्वालामुखी देऊ शकत नाही. १९७३ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले.

विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. काठापासून तळ्यापर्यंतचा उतार दीडशे मीटरांच्या आसपास आहे आणि काठ भोवतालच्या शेतजमिनीपेक्षा सुमारे वीस मीटर उंच उचललेला आहे. आघाताने उडालेला खडक काठापलीकडे किलोमीटरभर पसरला, त्यावर आज पिके उभी राहतात. वयाबद्दल मात्र एकवाक्यता नाही. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे येते, तर २०११ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पद्धतीच्या मोजणीने सुमारे ५ लक्ष ७० हजार वर्षे. दोन आकड्यांत दहापटींहून अधिक अंतर आहे. पाट्यांवर आणि पुस्तिकांत यांपैकी एकच आकडा छापण्याची आपली रीत मला पसंत नाही. दोन्ही छापावेत आणि मुलांना वाद कळू द्यावा. कोणताही आकडा खरा ठरला तरी आपल्या मुद्द्याला बाध येत नाही. गुरूवर पृथ्वीएवढा डाग काही महिन्यांत पुसला गेला आणि येथे त्या मानाने चिमुकला असणारा आघात निदान पन्नास हजार पावसाळे सोसून टिकला.

पृथ्वी तरी सगळे जपून ठेवते असे नाही. वारा, पाणी, नद्या आणि भूकवचाची हालचाल यांनी बहुतेक विवरे पुसली गेली. साऱ्या पृथ्वीवर मिळून सुमारे दोनशेच आघात-विवरे ओळखता आली आहेत. आपल्या देशात लोणारखेरीज मध्य प्रदेशातील ढाला व राजस्थानातील रामगढ यांची नावे घेतली जातात. पण ती इतकी जुनी व झिजलेली आहेत की जाणकाराने दाखविल्याशिवाय ध्यानात यायची नाहीत. त्यातही बेसॉल्ट खडकातील विवरे अगदी मोजकी. चंद्र आणि मंगळ यांच्या पृष्ठभागावर असाच खडक असल्याने तेथील विवरे समजून घ्यावयाची तर लोणारकडे यावे लागते.

गुरू हा पृथ्वीचा पाठीराखा आहे, बाहेरून येणारे धूमकेतू तो स्वतःवर घेतो, असे पुष्कळ ठिकाणी छापले जाते. गुरुबळाच्या कल्पनेशी ते जुळतेही. १९९४ ची घटना पाहता त्यात तथ्य दिसते. परंतु गणिताने तपासणाऱ्यांनी दुसरीही बाजू दाखविली आहे. गुरूची ओढ काही पिंडांना दूर भिरकावते, तशीच काही पिंडांना आतल्या बाजूस, पृथ्वीच्या वाटेवरही ढकलते. मंगळ व गुरू यांच्या दरम्यानच्या लघुग्रहांच्या पट्ट्यातून जे दगड आपल्याकडे येतात त्यांना वाट दाखविण्यात गुरूचा हात असतो. लोणारवर पडलेला पिंड त्या वाटेने आला की नाही हे सांगण्यास पुरावा नाही. गुरूला पहारेकरी म्हणण्याची घाई करू नये, एवढेच.

विवर टिकले ते खडकामुळे. त्यातले सरोवर मात्र खडकाइतके टिकाऊ नाही, आणि बुलढाणा जिल्ह्यातील आपणा सर्वांना हे समजावून घेणे अगत्याचे आहे. विवराला झरे येऊन मिळतात. गोमुखाची धार आपण सर्वांनी पाहिली आहे. पाणी आत येते, बाहेर जाण्यास वाट नाही. उन्हाने वाफ होते आणि क्षार मागे राहतात. अशा रीतीने हे पाणी खारट आणि अतिशय अल्कधर्मी झाले. येथून निघणाऱ्या क्षारांना दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी नावे होती आणि पूर्वी त्यांचा व्यापार चालत असे. या पाण्यात मासा जगत नाही, परंतु निळे-हिरवे शेवाळ आणि क्षारप्रिय सूक्ष्मजीव भरभराटीने राहतात. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा गावात नाना तर्क चालले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने आणि नागपूरच्या ‘नीरी’ने नमुने तपासले. पाणी आटून क्षारता वाढल्याने रंगद्रव्य धारण करणारे क्षारप्रिय जीव वाढले होते, असे निष्पन्न झाले. पाऊस पडल्यावर रंग ओसरला.

क्षारता वाढली तर एक जीवसृष्टी वर येते. गोड पाणी आणि गावचे सांडपाणी अधिक उतरले तर ती क्षारता पातळ होऊन दुसरीच सृष्टी येते आणि लोणारचे वैशिष्ट्य असलेले जीव नाहीसे होतात. उतारावर माजणाऱ्या वेड्या बाभळीचाही उपद्रव आहेच. १९७९ साली हे स्थळ राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरले, २००० साली अभयारण्य घोषित झाले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून नोंदले गेले. सरोवराच्या संरक्षणाचा विषय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही गेला. शासकीय घोषणांची यादी देणे हे माझ्या नोकरीचेच काम आहे, पण यादीने पाण्याची क्षारता राखली जात नाही. नाल्याचे तोंड कोठे आहे आणि त्यातून काय वाहते, हे येथल्या विद्यार्थ्याला कोणत्याही परिपत्रकापेक्षा अधिक ठाऊक असते. शाळांनी दर महिन्याला सरोवराची पातळी व पाण्याचा रंग यांची साधी नोंदवही ठेवली, तर पाच वर्षांत ती संशोधकांनाही हवीशी वाटेल.

शेवटी गुरू पाहण्याविषयी. दर सुमारे तेरा महिन्यांनी तो सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूस येतो. त्या सुमारास सूर्यास्ताबरोबर पूर्वेस उगवतो आणि रात्रभर दिसतो. ताऱ्यांसारखा तो लुकलुकत नाही, यावरून ओळखावा. साध्या द्विनेत्री दुर्बिणीतूनही त्याच्या शेजारी एका ओळीत चार ठिपके दिसतात. जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओने पाहिलेले हेच ते चार चंद्र. एक दिवसाआड पाहिले तर त्यांनी जागा बदललेल्या आढळतील. विवरात रात्री उतरू नये. ते अभयारण्य आहे. गावातल्या गच्चीवरून किंवा शेताच्या बांधावरून पाहावे, आणि दुर्बिणीसाठी एखादी तिवई अवश्य न्यावी. हातात धरलेल्या दुर्बिणीत चंद्र फार नाचतात.